कार्डाच्या मागच्या बाजूला काय लिहिलं होतं: जीआरईच्या शब्दतयारीचं एक प्रकरण

एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर जीआरईची, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करत होती. गणिताचा विभाग तिला सोपा जाई. भाषेच्या विभागात मात्र गुण अडले होते, आणि तेही जिथे तिने सगळ्यात जास्त घाम गाळला होता तिथेच, म्हणजे अवघड शब्दांवर. हजाराच्या आसपास शब्दांची कार्डं तिने स्वतः बनवली होती. पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ. प्रवासात, जेवताना, झोपण्याआधी ती कार्डं चाळायची. कुठलंही कार्ड उचलून विचारलं तर अर्थ धडाधड सांगायची. सराव परीक्षेत मात्र याच शब्दांचे प्रश्न चुकायचे.

तिचं म्हणणं सरळ होतं: "शब्द येतात हो, पण ऐन वेळी विसरायला होतं. पाठांतर वाढवायला हवं." असं निदान बहुतेक जण करतात. ते पटण्यासारखं असल्यामुळे कुणी तपासून बघत नाही.

परीक्षा नेमकं काय विचारते

आधी परीक्षेबद्दल थोडं, कारण शब्दयाद्यांची जुनी सवय तिथूनच आलेली आहे. ऑगस्ट 2011 पूर्वीच्या जीआरईत विरुद्धार्थी शब्द ओळखा आणि शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखा असे प्रश्न असत. सुटा शब्द समोर यायचा आणि त्याचा सुटा अर्थ माहीत असला की बरंचसं काम भागायचं. 2011 मध्ये हे दोन्ही प्रकार काढून टाकले. आता शब्द येतो तो वाक्यात किंवा उताऱ्यातच. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली. भाषेचे दोन भाग, मिळून 27 प्रश्न आणि 41 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, त्यातच उतारेही वाचायचे.

तिला सगळ्यात जास्त छळणारा प्रकार सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचा. एका वाक्यात एक रिकामी जागा, खाली सहा पर्याय. त्यातले दोन असे निवडायचे की दोघांपैकी कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ एकच राहील. एक बरोबर आणि एक चूक असेल तर अर्धा गुण मिळत नाही.

परीक्षा बदलली, पण एका शब्दाला एक अर्थ देणाऱ्या याद्या तशाच फिरत राहिल्या. तिची कार्डं अशाच याद्यांवरून केलेली होती.

विसरण्याची शंका तपासली

पाठांतर कमी पडतंय की आणखी काही, हे कळायला एक साधी गोष्ट केली. सराव परीक्षांत चुकलेले प्रश्न काढले, त्यांतल्या पर्यायांचे शब्द वेगळ्या कागदावर उतरवले आणि वाक्य न दाखवता तिला अर्थ विचारले. बहुतेक शब्दांचा कार्डावरचा अर्थ तिने न अडखळता सांगितला. मग चुकांचे कारणांप्रमाणे ढीग केले. खरोखर विसरलेले शब्द होते, पण तो ढीग सगळ्यात छोटा निघाला.

म्हणजे स्मरणशक्तीने तिला दगा दिला नव्हता. जे पाठ केलं ते शाबूत होतं. शंका आता पाठ केलेल्या मजकुरावरच घ्यायला हवी होती.

इथे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसची आठवण होते. 1885 साली त्याने विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग स्वतःवरच केलेले, आणि पाठ करायला घेतलेली होती निरर्थक अक्षरं. अर्थाचा आधार मिळाला तर मोजमाप बिघडेल, म्हणून त्याने मुद्दाम अर्थ नसलेली सामग्री निवडली. विसरण्याचा जो वक्र आज पाठांतराच्या अॅपच्या जाहिरातींत दिसतो तो तिथून आलेला. या विद्यार्थिनीने अर्थ असलेल्या शब्दांना जवळपास तीच वागणूक दिली होती. एका ध्वनीला दुसरा ध्वनी चिकटवला आणि गोंद वाळेपर्यंत घोकला.

मितभाषींची गर्दी

चुकांचा सगळ्यात मोठा ढीग एका वाक्याने समजेल. मूळ वाक्य इंग्रजी, त्याचा आशय असा: जवळच्या माणसांत तो मोकळेपणाने बोले, अनोळखी लोकांत मात्र इतका अमुक असे की शेजारी बसलेल्यालाही त्याच्या मनाचा थांग लागत नसे. पर्याय होते टॅसिटर्न, रेटिसंट, सक्सिंक्ट, पिथी, अॅफेबल (मनमिळाऊ) आणि गॅरुलस (बडबड्या).

तिने टॅसिटर्न आणि सक्सिंक्ट निवडले. कार्डं काढून पाहिली तर टॅसिटर्न, रेटिसंट, सक्सिंक्ट आणि पिथी या चारही कार्डांच्या मागे 'मितभाषी, थोडक्यात बोलणारा' एवढंच लिहिलेलं. जवळच लॅकॉनिक आणि टर्सही होते, त्यांच्याही मागे तेच. या गटाला तिने 'मितभाषी गट' असं नावही दिलं होतं आणि सहाही शब्द एका बैठकीत पाठ केले होते. तिच्या कार्डांप्रमाणे पाहिलं तर सहापैकी चार पर्याय बरोबर ठरत होते. उरलं ते नशीब.

सक्सिंक्ट आणि पिथी हीसुद्धा आपसात जुळणारी जोडी आहे, हा त्या प्रश्नातला सापळा. पण सक्सिंक्ट हा बोलण्या-लिहिण्याचा गुण: आटोपशीर, पाल्हाळ नसलेलं. पिथी म्हणजे थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगणारं, सूत्रासारखं. अनोळखी लोकांत गप्प बसणाऱ्या माणसाला हे शब्द लागत नाहीत. टॅसिटर्न म्हणजे स्वभावानेच अबोल, जरा घुमाच. रेटिसंट म्हणजे मनातलं चटकन बाहेर न काढणारा. टर्स म्हणजे तुटक. लॅकॉनिक हा शब्द प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाच्या लॅकोनिया प्रदेशावरून आला. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने "मी लॅकोनियात शिरलो तर तुमचं शहर जमीनदोस्त करीन" अशा अर्थाची धमकी दिली, तेव्हा स्पार्टाने एकाच शब्दात उत्तर पाठवलं, "तर." ही कथा प्रसिद्ध आहे. ती ऐकल्यावर तिचा लॅकॉनिक पुन्हा कधी टॅसिटर्नमध्ये मिसळला नाही.

गंमत अशी की मराठीत या सगळ्या छटांना वेगवेगळे शब्द आहेत. अबोल, घुमा, तुटक, मोजकं, आटोपशीर, आतल्या गाठीचा. यातला एकही शब्द तिला शिकवावा लागला नाही. कार्डांवर मात्र सगळ्यांच्या जागी एक 'मितभाषी' बसला होता, कारण यादीत तो छापलेला होता.

समान अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकणं सोयीचं वाटतं. संशोधनाचे निष्कर्ष मात्र उलट बाजूला झुकतात. टिंकहॅम या संशोधकाने 1993 मध्ये आणि वेरिंगने 1997 मध्ये केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की अर्थाने जवळचे नवे शब्द एकदम शिकायला घेतले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. गट हा शिकून झालेल्या शब्दांची उजळणी करायला चांगला. शब्दांची पहिली ओळख गटात करून देऊ नये.

दिसायला सारखे आणि दिसायला सोपे

दुसरा ढीग फसव्या चेहऱ्यांचा. एनर्व्हेट हा शब्द तिला एनर्जीची आठवण करून देई. कार्डावर 'शक्तिहीन करणे' असं बरोबर लिहिलेलं असूनही घाईत ती तो उत्साह देणारा म्हणून वाचायची. नॉइसमचा नॉइजशी संबंध नाही. तो अॅनॉयच्या घरातला, अर्थ घाणेरडा, विशेषतः वासाने. मेरिट्रिशसमध्ये तिला मेरिट दिसे, पण अर्थ भपकेबाज, वरवरचं आकर्षण असलेलं. इथे एक गुंता आहे. मेरिट्रिशस ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ वेश्या, आणि तो शब्द मेरिटप्रमाणेच 'कमावणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. म्हणजे तिला दिसलेलं नातं खरंच होतं, तरी अर्थ चुकला.

इन्जेन्युअस आणि इन्जीनिअस यांत तर सगळेच अडकतात. पहिला भोळाभाबडा, दुसरा कल्पक. डिसइन्जेन्युअस म्हणजे अप्रामाणिक, असं तिच्या कार्डावर होतं. चूक नाही, पण त्यातली साळसूदपणाचा आव आणण्याची छटा गळाली होती, आणि त्या प्रश्नात नेमकी तीच विचारली होती.

तिसरा ढीग मला जास्त बोलका वाटला, कारण त्यातल्या एकाही शब्दाचं कार्ड तिच्याकडे नव्हतं. सँक्शन, क्वालिफाय, चेक, टेम्पर, अरेस्ट, पेडेस्ट्रियन. हे शब्द तिला लहानपणापासून माहीत होते. मराठी बोलताना आपण कर्ज सँक्शन झालं म्हणतो, त्यामुळे सँक्शन म्हणजे मंजुरी हा अर्थ इतका घट्ट बसलेला असतो की त्याचाच दुसरा अर्थ निर्बंध आहे हे बातम्यांत वाचूनही प्रश्नात सुचत नाही. क्वालिफाइड प्रेझ म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. तिला ती लायक माणसाने केलेली स्तुती वाटली. चेक म्हणजे आवर घालणे, टेम्पर म्हणजे सौम्य करणे, अरेस्ट म्हणजे थांबवणे, पेडेस्ट्रियन म्हणजे रटाळ, सामान्य वकुबाचं. अवघड शब्दांच्या याद्यांत हे शब्द सहसा नसतात, कारण ते अवघड दिसत नाहीत. परीक्षा काढणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

कार्डं नव्याने

एकूण कार्डांतला मोठा भाग बाजूला ठेवला. चुकलेले आणि घोळात सापडणारे शब्द तेवढे निवडून त्यांची कार्डं पुन्हा लिहायचं ठरलं. पुढच्या बाजूला सुटा शब्द नाही, तर रिकामी जागा असलेलं छोटं इंग्रजी वाक्य. मागे शब्द, तो कुणाला किंवा कशाला लागतो, त्यात कौतुक आहे की नापसंती, आणि मराठीत आपण तिथे खरोखर काय म्हणू.

वाक्यांसाठी परभाषा शिकणाऱ्यांसाठी केलेले शब्दकोश वापरले. 1987 मध्ये निघालेल्या कोबिल्ड कोशाची पद्धत इथे फार उपयोगी पडली. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात सांगतात: अमुक माणूस तमुक करतो तेव्हा त्याला असं म्हणतात, अशा धर्तीवर. शब्द कुणाच्या संगतीत राहतो हे व्याख्येतच कळतं.

शेवटचा रकाना, म्हणजे आपण मराठीत काय म्हणू, हा सुरुवातीला तिला पोरकट वाटला. परीक्षा इंग्रजीची आणि मराठी म्हणी काय आठवत बसायच्या? पण थोड्याच दिवसांत तोच रकाना ती सगळ्यात हौसेने भरायला लागली. प्रिव्हेरिकेट, इक्विव्होकेट, टेम्पोराइज आणि व्हॅसिलेट या चौघांच्या जुन्या कार्डांवर 'टाळाटाळ करणे', 'संदिग्ध बोलणे' असलंच काहीतरी उलटसुलट होतं. नव्या कार्डांवर प्रिव्हेरिकेटला उडवाउडवीची उत्तरं देणं आलं. इक्विव्होकेटला गुळमुळीत बोलणं, टेम्पोराइजला वेळकाढूपणा करणं, व्हॅसिलेटला धरसोड करणं. चौघे चार दिशांना गेले. ऑब्सिक्विअसला लाळघोट्या, पिडँटिकला नको तिथे कीस काढणारा, क्वेरुलसला सदा रडगाणं गाणारा.

यात एक धोका आहे आणि तो लगेच दिसला. मराठी वाक्प्रचार बहुधा मूळ इंग्रजी शब्दापेक्षा जास्त रांगडा असतो. ऑब्सिक्विअस गंभीर निबंधात सहज बसतो, लाळघोट्या बसत नाही. म्हणून कार्डावर शब्दाचा पोशाखही लिहायला लागलो: लिखाणातला, औपचारिक, बोलण्यातला. शिवाय प्रत्येक शब्दाला वाक्प्रचार सापडतोच असं नाही. एसोटेरिकसाठी तिने बरीच डोकेफोड केली आणि शेवटी 'मोजक्या जाणकारांनाच कळणारं' असं सरळ लिहून ठेवलं. तेच बरं झालं.

फुलसमवर मात्र आमचं एकमत झालं नाही. फुलसम स्तुती म्हणजे अंगावर येणारी, खुशामतीकडे झुकलेली स्तुती, असं परीक्षेच्या याद्या सांगतात. शब्दाचा जुना अर्थ 'भरपूर' असा होता आणि आजही अनेक जण तो भरघोस या चांगल्या अर्थाने वापरतात. कोशांत दोन्ही नोंदी आहेत. तिला एक अर्थ हवा होता. मी दोन्ही लिहायला लावले आणि वाक्यातला पुढचा-मागचा सूर पाहून ठरव असं सांगितलं. ते तिला आवडलं नाही.

मुळांचा उपयोग, जिथे होतो तिथे

शब्दांची लॅटिन-ग्रीक मुळं पाठ करा, हा सल्ला तिला आधीच कुणीतरी दिला होता आणि तिने मुळांचीही एक यादी घोकली होती. काही कुटुंबांत ती कामाची ठरते. बोलणे या अर्थाच्या लोकी या लॅटिन क्रियापदावरून लोक्वेशस, ग्रँडिलोक्वेंट, कलोक्विअल, सोलिलोक्वी हे सगळे एका झटक्यात हाती लागतात. पण सँग्विन म्हणजे आशावादी हे 'रक्त' या मुळावरून कुणाला सुचेल? त्यासाठी शरीरातल्या चार रसांची जुनी युरोपीय कल्पना माहीत हवी. रक्त हा रस प्रबळ असलेला माणूस आनंदी आणि उमेदीचा, असं तेव्हा मानत. सँग्विनरीत मात्र खरंच रक्तपात आहे.

मराठी माणसाकडे इथे एक आयतं भांडवल असतं, ते कुणी वापरत नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या. वाईट या अर्थाचा ग्रीक डिस आणि आपला दुस्-दुर् सख्खे. अॅग्नॉस्टिकमधला ग्नो म्हणजे आपला ज्ञा, पुढे नकाराचा अ आहेच. मॉरिबंडमध्ये, म्हणजे मरणासन्नमध्ये, मृ आहे. तिला सगळ्यात आवडलं ते सब्जुगेट. त्यातला लॅटिन जुगम म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू, आणि आपलं जू संस्कृत युगावरून आलेलं, त्याचंच भावंड. सब्जुगेट म्हणजे अक्षरशः जुवाखाली आणणं.

रेस्टिव्हची गोष्टही अशीच. रेस्ट दिसतं म्हणून ती त्याला शांत समजायची. हा शब्द मूळचा पुढे पाऊल टाकायला तयार नसलेल्या घोड्याचा, म्हणजे अडेलतट्टूचा. जागचा हलत नाही, पण उभ्या जागी चुळबुळ करतो, लगाम मानत नाही. तिथून आजचा अर्थ आला: बंधनाला कंटाळून अस्वस्थ झालेला.

माझं मत असं की मूळ हे अर्थ शोधायचं साधन म्हणून कच्चं आहे, पण अर्थ कळल्यानंतर तो टिकवायचा खुंटा म्हणून पक्कं. एनर्व्हेटमध्ये 'बाहेर' आणि 'स्नायूची दोरी' आहेत, हे अर्थ माहीत झाल्यावर सांगितलं की चटकन पटतं. आधी सांगितलं तर मनात काहीही येऊ शकतं.

सराव आणि वाचन

उजळणीची पद्धत थोडीच बदलली. पूर्वी ती कार्डाच्या दोन्ही बाजू एकापाठोपाठ वाचायची. आता मागची बाजू झाकून आधी उत्तर म्हणायचं, मगच पालटायचं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग इथे नेमका लागू पडतो. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते न बघता आठवून लिहिणारे. चाळल्यावर येतंय असं वाटतं ते यामुळेच. चुकलेलं कार्ड लवकर परत येईल आणि बरोबर आलेलं उशिरा, ही सोय ती याच कार्डांसाठी वापरत असलेल्या अॅपमध्ये होतीच. ती बदलायचं कारण नव्हतं.

याद्या फेकून द्या आणि नुसतं वाचा, असंही पुष्कळ जण सांगतात. हाताशी काही महिनेच असतील तर हा सल्ला अपुरा आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, सर्वसाधारण लिखाणातले 98 टक्के शब्द ओळखीचे असावेत म्हणून आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) यावी लागतात. 98 टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. दुर्मीळ शब्द हे दुर्मीळ असल्यामुळेच वाचनात पुन्हा भेटायला फार वेळ घेतात. म्हणून कार्ड हवं. पण कार्डावरचा शब्द निदान एकदा तरी खऱ्या लेखात भेटावा म्हणून ती रोज एखादा लांब लेख वाचायला लागली आणि भेटलेलं वाक्य त्याच कार्डावर उतरवू लागली.

पुढे काय झालं

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समधल्या चुका ठळकपणे कमी झाल्या, विशेषतः पहिल्या ढिगातल्या. प्रत्यक्ष परीक्षेतही भाषेचे गुण आधीच्या सरावापेक्षा वर गेले. त्याचं सगळं श्रेय कार्डांना देता येणार नाही, कारण उताऱ्यांचा सरावही त्याच काळात वाढला होता. सोप्या दिसणाऱ्या शब्दांचा ढीग मात्र शेवटपर्यंत पुरा हटला नाही. टेम्पर दिसला की तिला अजूनही आधी रागच आठवतो. वाक्य दुसऱ्यांदा वाचल्यावर ती सावरते, पण त्यात वेळ जातो.

एक नवी अडचण उभी राहिली ती प्रवेशअर्जासोबतच्या निबंधात. शिकलेले शब्द वापरायचा मोह तिला आवरेना. आपण चिकाटीचे आहोत हे सांगायला तिने ऑब्स्टिनेट लिहिलं, म्हणजे हट्टी. दुसरीकडे आपल्या मार्गदर्शकाचं कौतुक करताना गॅरुलस, म्हणजे बडबड्या. वाक्यात शब्द ओळखणं आणि स्वतःच्या वाक्यात तो बसवणं ही वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसऱ्या कौशल्याला बरीच जास्त वर्षं लागतात. म्हणून आता तिच्या कार्डांचे दोन डबे आहेत. मोठ्या डब्यातले शब्द फक्त ओळखायचे. छोट्या डब्यातले लिहिताना वापरायचे, आणि त्यात कार्ड टाकायची अट अशी: तो शब्द तीन वेगवेगळ्या लेखकांच्या वाक्यांत सापडलेला असला पाहिजे. सँग्विन त्या डब्यात गेला आहे, लॅकॉनिकही. फुलसम अजून बाहेर आहे.